पाव पायाने तुडवत नाहीत हो!

रविवारी सकाळी बडोद्यातल्या दांडिया बाजारात सेव उसळ खायला गेलो होतो, पुण्याहून आलेला मामेभाऊ आणि त्याची लेक बरोबर. सेवेवर तरी नुकतीच ओतलेली, वाफा येतायत, आणि दादा पाव तोडता तोडता लेकीला सांगतो, पूर्वी पीठ पायाने तुडवायचे ना, म्हणून याला पाव म्हणतात. पोरीने हातातला तुकडा परत प्लेटमध्ये ठेवला. मला इतकं वाईट वाटलं!

व्हॉट्सॲपवर हे इतकं फिरलंय की शिकलेली माणसंही शपथेवर सांगतात. अहो, खायचा पाव पोर्तुगीज आहे. त्यांच्याकडे ब्रेडला पाँव म्हणतात, तो आला लॅटिनमधल्या पानिसवरून. १५१० मध्ये त्यांनी गोवा घेतलं, पुढे वसई, दीव, दमण, आणि जिथे गेले तिथे ब्रेड नेला. गोव्यात माडाची ताडी घालून पीठ आंबवायचे, आणि भट्टीवाल्याला तिथे अजूनही पोदेर म्हणतात, तोही त्यांचाच शब्द. हीच माणसं १५४३ मध्ये जपानला पोचली, म्हणून जपानी लोक आजही ब्रेडला 'पान' म्हणतात! आपलं विड्याचं पान पर्णावरून आलेलं, त्याचा याच्याशी काही संबंध नाही.

आणि पाव किलोतला पाव संस्कृत पाद. पाद म्हणजे पाय आणि चौथा भागही, जनावराचे चार पाय बघा ना. म्हणजे पायाचं नातं पाव किलोशी आहे, ब्रेडचा पाव या घरातला नाहीच. बडोद्यात हे रोज कानाने कळतं, गुजरातीत पा किलो वेगळं आणि पाऊं वेगळं, कुणाचा घोटाळा होत नाही. मराठीत दोन्ही एकाच उच्चारात येऊन बसले आणि कुणीतरी गोष्ट रचली.

शब्द चुकला एवढंच असतं तर मी पोस्ट लिहिली नसती. पण आपण झोपलेले असतो तेव्हा जी माणसं भट्टीच्या धगीत उभी असतात, त्यांच्या कामाला आपण काहीही पुरावा नसताना घाण म्हणतो. हे मला सहन होत नाही, दादालाही तिथेच सांगितलं, त्याने ऐकून घेतलं.

पोरगी सगळं ऐकत होती. म्हणाली, काका, मग देव पावला मधला पाव? म्हटलं तो तिसराच बेटा, प्राप्त होण्यातला. तिने ठेवलेला तुकडा उचलला, तरीत बुडवला, आणि मी गाडीवाल्या भाईंना हाक मारली, बीजा बे पाऊं आपजो.