मोर्स बघावा तो लुईससाठी

ब्रिटिश पोलिसी मालिकांच्या चाहत्यांत 'इन्स्पेक्टर मोर्स'चं कौतुक ठरलेलं असतं. ऑक्सफर्डच्या दगडी इमारती, लाल जॅग्वार, वाग्नरचं संगीत, शब्दकोडी, शीर्षकसंगीतात मोर्स कोडमध्ये वाजणारं त्याचं नाव. मलाही आवडतं हे सगळं. पण खून कोणी केला हे मी दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत विसरलेली असते. लक्षात राहतो तो मोर्सच्या हाताखालचा सार्जंट लुईस.

मोर्स साहेब म्हणून महाकठीण. ऑक्सफर्डची पदवी अर्धवट सोडलेली, तरी अक्कल सगळ्यांपेक्षा जास्त. प्रेत बघवत नाही, रक्त तर नाहीच. हाताखालच्या माणसाचं व्याकरण सुधारणार आणि पबमध्ये बिअरचे पैसे त्यालाच द्यायला लावणार. (असे साहेब आपल्याकडेही असतात, फक्त वाग्नर ऐकत नाहीत.) आणि एवढा हुशार असून चुकतो किती! भलत्याच माणसाच्या मागे लागून अर्धा भाग संपतो, मग लुईस सहज काहीतरी बोलून जातो आणि साहेबांची ट्यूब पेटते. श्रेय अर्थातच साहेबांना.

कॉलिन डेक्स्टरच्या मूळ कादंबऱ्यांत लुईस वयस्कर आणि वेल्श आहे. टीव्हीवाल्यांनी त्याला तरुण केलं, उत्तर इंग्लंडमधल्या न्यूकॅसलकडचा केला, बायकापोरांत रमणारा केला. माझ्या मते सगळी मालिका या एका बदलावर उभी आहे. इंग्लंडमध्ये माणसाने तोंड उघडलं की तो कुठला, कुठल्या थरातला हे समोरच्याला कळतं. त्यामुळे त्या कॉलेजांच्या दिवाणखान्यांत केव्हिन व्हेटलीचा लुईस आपल्या उत्तरेकडच्या बोलीत साधासा प्रश्न विचारतो, तेव्हा प्राध्यापकांच्या चेहऱ्यावरची आठी बघण्यासारखी असते. आणि ज्याला घरी जायची घाई आहे तो, ज्याची घरी कोणी वाट बघत नाही अशा माणसासाठी रात्र-रात्र थांबतो. कुरकुर करत, पण थांबतो.

1987 ते 2000, एकूण 33 भाग. शेवटच्या भागात मोर्स जातो (स्पॉयलर म्हणू नका, पंचवीस वर्षं झाली), आणि शवागारात लुईस त्याच्या कपाळावर ओठ टेकतो. तोवर या दोघांत प्रेमाचा एक शब्द धड बोलला गेलेला नसतो. मोर्सचं काम करणारा जॉन थॉ स्वतः 2002 मध्ये गेला.

2006 मध्ये लुईसची स्वतःची मालिका आली, तीही 33 भागांची. आता तो इन्स्पेक्टर, बायको अपघातात गेलेली, आणि हाताखाली केंब्रिजला शिकलेला, पाद्री होता होता राहिलेला हॅथवे. म्हणजे पुस्तकी ज्ञान सार्जंटकडे, साधी समज साहेबाकडे! जे स्वतः सोसलं ते लुईस हॅथवेला सोसायला लावत नाही. यावर मालिकेत कोणी भाषण ठोकत नाही, हे विशेष.

'एंडेवर' या आणखी एका मालिकेत साठच्या दशकातला तरुण मोर्स आहे आणि त्याचा वरिष्ठ फ्रेड थर्सडे. रॉजर ॲलमचा हा थर्सडे म्हणजे खरा बापमाणूस. बायकोने डब्यात दिलेलं सँडविच आज कसलं असेल, हे मोर्स आठवड्याचा वार बघून सांगतो. एवढा चांगला साहेब मिळूनही मोर्स पुढे स्वतः असा साहेब का झाला, हा प्रश्न मला कुठल्याही खुनापेक्षा जास्त छळतो.

नव्याने बघणार असाल तर कथेतल्या काळाच्या क्रमाने 'एंडेवर'पासून सुरुवात करू नका. आधी म्हातारा, खडूस मोर्स भेटू दे. 1987 च्या पहिल्याच भागात लुईसशी जोडी जमते, तिथूनच चढा गाडीत.