पुढून दोन इंच

धाकट्या चुलतभावाचा फोन येऊन तीन आठवडे झाले, तरी त्याने विचारलेलं मनातून जात नाही. तो पहाटे बेळगावच्या मार्केट यार्डात कोबी, गाजर, मिरची भरतो आणि जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाटातून गोव्यात उतरतो. गाडी स्वतःची, हप्ते अजून चालू आहेत. गेल्या पावसाळ्यात खड्ड्यात दोनदा चेंबर, म्हणजे इंजिनाखालची तेलाची पेटी, घासला, म्हणून त्याला पिकअप पुढून उचलायची आहे आणि टायर एक नंबर मोठे घालायचे आहेत. मी नको म्हटलं. तो जरा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “दादा, तू तिकडं गाडी उचललीस ती हौस, आणि मी पोटासाठी उचलली की गुन्हा?”

प्रश्न रास्त आहे. त्याला फोनवर धड उत्तर देता आलं नाही, म्हणून इथे लिहितो आहे.

मी नॉर्थ कॅरोलिनात, रॅली शहराजवळ राहतो. माझ्याकडे जुनी घेतलेली फोर्ड एफ-150 आहे. रिकामी पिकअप बाजूने पाहिली तर मागून उंच आणि पुढून खाली वाकलेली दिसते. हा दोष नव्हे. मागच्या हौद्यात माल पडला किंवा ट्रेलर जोडला की मागचे पाटे, म्हणजे लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, दबतात आणि गाडी सपाट होते. कारखान्यातच त्या दोन-अडीच इंचांचा हिशेब धरलेला असतो. इथल्या पुष्कळ लोकांना मात्र रिकामी गाडी सपाट दिसलेली आवडते. पुढच्या शॉकअपच्या वर जाड चकती, म्हणजे स्पेसर, बसवतात आणि पुढचा भाग दोन इंच वर येतो. मीही तेच केलं. टायर 265/70 आर 17 चे होते, ते काढून 285/70 आर 17 घातले. पहिले काही दिवस पार्किंगमध्ये मागे वळून वळून गाडी पाहायचो.

मग एकेक गोष्ट कळत गेली. जुन्या टायरचा व्यास साधारण 31.6 इंच, नव्याचा 32.7. म्हणजे स्पीडोमीटर 60 मैल दाखवतो तेव्हा गाडी 62 ने धावत असते. टायर जड, त्यामुळे इंजिनाला फिरवायलाही जास्त जोर आणि ब्रेकला थांबवायलाही. पुढचे बॉल जॉइंट आणि ड्राइव्ह शाफ्ट कायम तिरके राहून काम करतात, म्हणून ते लवकर झिजतात. चाकांची अलाइनमेंट नव्याने करावी लागली. ती केली नसती तर टायरची एकच कड खाल्ली गेली असती. आणि ज्या उंचीसाठी माझा भाऊ हे सगळं करू पाहतो आहे, तिचं काय? पुढचा चेंबर वर येतो, पण मागच्या एक्सलवरची डिफरन्शियलची गोल पेटी स्पेसरने केसभरही वर येत नाही. ती फक्त टायरने वर येते, तीही व्यासातल्या फरकाच्या निम्मीच. माझ्या गाडीत ते 14 मिलिमीटर भरले.

खरा धडा एका संध्याकाळी मिळाला. अंगणातल्या बांधासाठी दगड आणले होते, हौदा अर्धा भरलेला. दोन पदरी रस्त्यावर समोरून येणारी प्रत्येक गाडी डिपर मारत होती. एक बाई तर गाडी कडेला घेऊन थांबल्या. मी उतरून पाहिलं तेव्हा माझ्या डिमरचा उजेड रस्त्यावर पडतच नव्हता, लांबच्या झाडांच्या शेंड्यांवर होता. घरी येऊन हिशेब केला. माझ्या गाडीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांत सुमारे 145 इंच अंतर आहे. पुढून दोन इंच उचललं की शंभर मीटरवर प्रकाश जवळजवळ 1.4 मीटर वर जातो. त्यात मागचा भाग मालाने आणखी दोन इंच दबला की तेवढाच पुन्हा. त्या बाईंच्या जागी चोर्ल्याच्या वळणावर, पावसाळी धुक्यात, समोरून येणारा एखादा ट्रकवाला असता तर? दुसऱ्या दिवशी भिंतीसमोर गाडी उभी करून हेडलाइट खाली केले. ते त्याआधीच करायला हवे होते.

नॉर्थ कॅरोलिनात तरुणांमध्ये याच्याही पुढची फॅशन होती. पुढचा भाग प्रचंड उचलायचा, मागचा तसाच ठेवायचा किंवा खाली करायचा. बोनेट आभाळाकडे, आणि गाडीसमोरचं लहान मूलही चालकाला दिसत नाही. 1 डिसेंबर 2021 पासून राज्याने त्यावर बंदी घातली. बंदीची भाषा मला फार शहाणपणाची वाटते: पुढच्या चाकावरच्या फेंडरची, म्हणजे मडगार्डची, उंची मागच्यापेक्षा चार इंच किंवा त्याहून जास्त असता कामा नये. बस. पोलिसाला टेप लागते आणि वाद तिथेच मिटतो. व्हर्जिनियाने 2022 मध्ये आणि साउथ कॅरोलिनाने 2023 मध्ये आपापला कायदा केला. माझे दोन इंच या मर्यादेत बसतात, आणि दरवर्षीच्या तपासणीत दिवे, ब्रेक, स्टीअरिंग, टायर पाहिले जातात.

अमेरिकेत सगळं असंच आहे असं मात्र मी म्हणणार नाही. टेक्साससारख्या मोठ्या राज्याने 2025 पासून खासगी गाड्यांची वार्षिक सुरक्षा तपासणीच बंद केली. मला ते चुकीचं वाटतं. त्यामुळे गावाकडे कोणी ‘तिकडे बघा’ म्हणालं, की मी आधी ‘कुठल्या राज्यात’ ते विचारतो.

आता आपल्याकडे. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की कारखान्याने ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये. 9 जानेवारी 2019 ला सर्वोच्च न्यायालयाने तेच ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगीविना केलेल्या प्रत्येक बदलाला 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. गॅसचं किट किंवा अपंगांसाठीचे बदल यांना वाट आहे. उंचीपुरतं पाहिलं तर उत्तर एकच आहे: नाही.

आणि तरीही खानापूर रस्त्याच्या कडेला अर्धा तास उभं राहावं. जादा पाटे मारलेल्या गाड्या मोजून मोजून थकाल. लहानपणी काकांच्या ट्रकचे दोन पाटे आरटीओच्या फिटनेस तपासणीच्या आदल्या दिवशी उतरवलेले आणि तिसऱ्या दिवशी परत चढवलेले मी पाहिलेत. यू-बोल्ट आवळताना पाना मीच धरला होता. पाटा वाढवला की गाडी दबत नाही, म्हणून ओझं दिसत नाही. पण ब्रेक तेच, एक्सल तोच, टायरवर लिहिलेला भार तोच. घाट उतरताना ब्रेकचा वास येतो तो म्हणूनच. सरसकट नाही म्हटल्यामुळे दोन इंच विचारून-सवरून करू पाहणारा आणि अर्धा टन लपवणारा, दोघे एकाच अंधारात काम करतात. पहिल्याने विचारायचं कोणाला? शेडमधला मिस्त्री हेडलाइटचा कोन सांगत नाही, कारण झालेलं काम कागदावर कुठेच नसतं.

फिटनेसच्या वेळी रिकाम्या गाडीची पुढची-मागची उंची टेपने मोजून आरसी पुस्तकात लिहावी, पाट्यांची संख्या लिहावी, आणि किती इंचांपर्यंत चालेल ते केंद्राच्या नियमात आकड्यात यावं. मालवाहू गाडीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी फिटनेसला जावंच लागतं. टेप तिथे न्यायला वेगळा खर्च नाही.

सीमाभागात मात्र गाडीकडे पाहताना नजर आधी नंबरप्लेटवर जाते. डिसेंबर 2022 मध्ये हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या पासिंगच्या ट्रकांवर दगड पडले, तिकडे पुण्यात कर्नाटकच्या बसना काळं फासलं. त्या आठवड्यात भावाने बेळगावची केए-22 ची पाटी घेऊन कोल्हापूरला जायचं भाडं नाकारलं. सीमाप्रश्नाचा खटला 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि त्यात माझं मन कुठे आहे हे बेळगावच्या मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. मराठीत कागदपत्रं मिळावीत ही मागणी मी इथूनही तितक्याच जोराने करीन. नॉर्थ कॅरोलिनात वाहनचालकाची पुस्तिका स्पॅनिशमध्येही मिळते. कोणाला त्यात राज्याचा अपमान वाटत नाही. माझ्या भावाला कलम 52 त्याच्या भाषेत कोणी वाचून दाखवलं असतं, तर त्याने मला सातासमुद्रापार फोन करून विचारलं नसतं. पण आपल्या मोर्चांतही या मागणीला कधी असा हात-पाय असलेला दाखला मिळत नाही, याची मला खंत आहे. भाषेचा हक्क आणि ब्रेकचा वास एकाच घाटात भेटतात.

भावाला मी शेवटी एवढंच सांगितलं की काही करण्याआधी मोज. सपाट फरशीवर, रिकामी असताना आणि भरल्यावर, चारही चाकांवर. काल आकडे आले. रिकामी गाडी मागून अडीच इंच उंच. रोजचा माल भरल्यावर तीच मागून एक इंच खाली. पुढून काहीही न उचलता तिचं नाक आधीच वर आहे, आणि चेंबर घासतो तो पुढचा भाग बुटका आहे म्हणून नव्हे, ओझ्यामुळे पाटे, टायर सगळंच दबतं म्हणून. मी त्याला चेंबरखाली जाड पत्र्याचा गार्ड लावायला, भरल्या गाडीवर हेडलाइट सेट करायला आणि आरसीवर लिहिलेल्या वजनापर्यंतच भरायला सांगितलं. ओव्हरलोडला 20,000 रुपये आणि वर प्रत्येक टनाला 2,000, हेही सांगितलं.

तो म्हणाला, “गार्ड लावतो. लाइटपण करतो. पण कमी भरलेल्या क्रेटचं भाडं म्हापशातला व्यापारी देणार नाही, दादा. हप्ता तेवढाच ऱ्हातो.”