रामनगरच्या काकांना उत्तर

काका, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. देवेंद्र फडणवीसांच्या नागपुरातल्या नगरसेवकपणाच्या दिवसांवर मी लिहिलं ते तुम्हाला झोंबलं. तुमचं म्हणणं असं: न्यायालयाने निर्दोष सोडलेल्या माणसाची जुनी प्रकरणं उकरायची कशाला, आरोप निश्चितच झाले नव्हते तर त्याने लपवलं काय, आणि आपल्या गल्लीतला पोरगा मुख्यमंत्री झाला याचं कौतुक करायचं सोडून हे काय चालवलंय?

आधी माझी चूक. निवडणुकीच्या प्रतिज्ञापत्रात दोन तक्रारी सांगितल्या नाहीत या खटल्यातून 8 सप्टेंबर 2023 ला नागपूरच्या न्यायालयाने फडणवीसांची निर्दोष मुक्तता केली, हे मी लेखाच्या अगदी शेवटच्या ओळीत टाकलं होतं. ते वर हवं होतं. आज बदललं.

कौतुकाचं म्हणाल, तर ते लेखात होतं. 1992 ला बाविसाव्या वर्षी नगरसेवक, 1997 ला सत्ताविसाव्या वर्षी महापौर, 1999 ला आमदार. हे कोणालाही मान्य करावंच लागेल, विरोधकालाही.

आता तुमचा खरा मुद्दा. दोन खासगी तक्रारी होत्या, 1996 आणि 1998 मधल्या. एक अब्रुनुकसानीची, दुसरी फसवणूक-बनावट कागदपत्रांच्या कलमांची. दोन्हींत न्यायालयाने दखल घेतली होती, म्हणजे तक्रार पुढे चालवायला घेतली होती; पण आरोप निश्चित करण्याची पुढची पायरी आली नव्हती. 2014 च्या विधानसभेच्या उमेदवारी अर्जासोबतच्या प्रतिज्ञापत्रात त्या आल्या नाहीत. नागपुरातल्याच एका वकिलाने तक्रार केली. दंडाधिकाऱ्यांनी ती फेटाळली, सत्र न्यायालयाने तो आदेश फिरवला, उच्च न्यायालयाने सत्र न्यायालयाचा फिरवला. महापालिकेचं मुख्यालय, जिल्हा न्यायालय, उच्च न्यायालयाचं खंडपीठ, सगळं सिव्हिल लाइन्समध्येच. फाइलला फार लांब जावंच लागलं नाही म्हणा ना. मग ती दिल्लीला गेली.

उच्च न्यायालय तुमच्यासारखंच म्हणत होतं, की आरोप निश्चित नाहीत तर सांगायची गरज नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 33अ वाचलं तर तसंच वाटतं: दोन किंवा अधिक वर्षांच्या शिक्षेचा गुन्हा आणि आरोप निश्चित झालेले. (अब्रुनुकसानीला कमाल शिक्षा बरोब्बर दोन वर्षांची, म्हणजे तीही या रेषेवरच.) पण 1 ऑक्टोबर 2019 ला सर्वोच्च न्यायालयाने नमुना 26 कडे, म्हणजे उमेदवाराच्या प्रतिज्ञापत्राच्या ठरलेल्या नमुन्याकडे, बोट दाखवलं: न्यायालयाने दखल घेतलेली प्रकरणंही त्यात मागितलेली आहेत, तीही सांगायला हवीत. खटला चालवा म्हणाले. फेरविचार अर्ज मार्च 2020 मध्ये फेटाळला गेला. त्याआधी फेब्रुवारीत फडणवीस स्वतः न्यायालयात हजर झाले, 15,000 रुपयांच्या वैयक्तिक हमीवर जामीन मिळाला. त्यांची बाजू अशी, की वकिलाच्या नजरचुकीने त्या दोन नोंदी राहिल्या.

म्हणून काका, मी तुमच्याशी अर्धाच सहमत आहे. खटला होता त्याच कायद्याच्या कलम 125अ चा, म्हणजे प्रतिज्ञापत्रात माहिती लपवल्याचा, त्याला शिक्षा जास्तीत जास्त सहा महिने. त्यातून ते सुटले, विषय संपला, त्यांना दोषी म्हणणारा मी कोण? पण सर्वोच्च न्यायालयाने नमुना 26 बद्दल जे सांगितलं ते त्या सुटकेने पुसलं जात नाही. ते उद्या कुठल्याही पक्षाच्या उमेदवाराला लागू आहे. तुमच्या ‘काँग्रेसवाल्यांचं का नाही लिहिलं’ या प्रश्नाचं उत्तरही बहुधा यातच मिळेल.

आणि एक गोष्ट तुम्हीच सांगा. ही प्रतिज्ञापत्रं 2002 नंतरची. 1999 ला आमदारकीच्या उमेदवारालाही ती द्यावी लागत नव्हती. तुम्ही लिहिलंय, ‘1992 आणि 97, दोन्ही वेळा त्यालाच मत दिलं.’ त्या दुसऱ्या वेळी 1996 च्या तक्रारीबद्दल तुमच्या कानावर काही आलं होतं का?