बेझिए कर्व्हवाला तो फॉरवर्ड: थोडा खरा, बराच चुकलेला

नाशिकच्या अंबड-सातपूरच्या डिझाइनवाल्यांच्या ग्रुपवर परवापासून एक मेसेज फिरतोय, मला तीन जणांनी पाठवला. "बेझिए म्हणजे शाळेतलंच पॉलिनॉमियल, नुसतं पॅकिंग नवीन. शोधला बेझिएने. कंट्रोल पॉइंट वाढवा, अचूकता वाढते. आणि चार तुकड्यांत परफेक्ट गोल." बेझिए कर्व्ह म्हणजे डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये काही पॉइंट ओढून काढायची वळणदार रेघ, आणि ते पॉइंट म्हणजे कंट्रोल पॉइंट. आता एकेक बघू.

पॅकिंगवालं अर्धं बरोबर आहे. टी (कर्व्हवर ० ते १ सरकणारा आकडा), टी वर्ग, टी घन यांनी मांडा (पॉवर बेसिस) नाहीतर टी आणि (१−टी) च्या घातांच्या गुणाकारांनी मांडा (बर्नस्टाइन बेसिस), क्युबिक म्हणजे तिसऱ्या घातापर्यंतचा कर्व्ह तोच निघतो, एकातून दुसऱ्यात बदलताही येतो. पण कॉम्प्युटरला फरक पडतो. (१−टी) चा २० वा घात घ्या, टी ०.९ ठेवा. खरं उत्तर १० चा उणे २० वा घात. पॉवर बेसिसमध्ये ६० हजारांच्या घरातले आकडे आलटूनपालटून अधिक-उणे होत राहतात आणि डबल प्रिसिजनला (कॉम्प्युटरची साधारण १६ अंकांची अचूकता) शेवटी उरतो तो कचरा. बर्नस्टाइनमध्ये एकच गुणक १, बाकी सगळे शून्य, वजाबाकीच नाही. शिवाय टी वर्गाचा गुणक माऊसने ओढून बघा बरं, कळतंय का काय हलतंय?

शोधला कोणी? सिट्रोएनमध्ये द कास्तेल्जो १९५९ पासून हेच करत होता, कंपनीने बाहेर येऊ दिलं नाही. रेनोच्या बेझिएने छापलं, नाव त्याचं झालं. बेसिस तर बर्नस्टाइनचा, १९१२ चा.

पॉइंट वाढवायचं म्हणाल तर कर्व्ह मधल्या पॉइंटांतून जातच नाही हो, फक्त दोन टोकांतून जातो, मधले नुसते ओढतात! एक्स वर्गाच्या आलेखावरचे ० ते १ मधले पॉइंट सारख्या अंतरावर उचलून कंट्रोल पॉइंट केले तर डिग्री (सर्वांत मोठा घात) १० लासुद्धा मधोमध ०.०२५ चुकतं, आणि १०० ला ०.००२५, म्हणजे दहापट पॉइंट लावून एकच दशांश स्थळ हाती. वर एक पॉइंट हलवला की अख्खा कर्व्ह हलतो, म्हणून तर लोक बी-स्प्लाइनकडे गेले, म्हणजे तुकडे जोडून केलेला कर्व्ह, त्यात पॉइंट हलवला की जवळचाच भाग हलतो.

आता गोल, माझं डोकं इथेच फिरलं. पॉलिनॉमियलने अचूक वर्तुळ येतच नाही, कितीही डिग्री घ्या. ०.५५२३ वाले (मधले पॉइंट टोकापासून त्रिज्येच्या ०.५५२३ पट अंतरावर) नेहमीचे चार क्युबिक घेतले तर त्रिज्येत जास्तीत जास्त ०.०२७ टक्के चूक येते. फ्लेक्सवाल्याला ती दिसणारपण नाही. पण २०० मिमी व्यासाचा एच७ बोअर (ठरलेल्या अचूकतेचं भोक) घ्या, टॉलरन्स म्हणजे चालणारा फरक ४६ मायक्रॉन, आणि या गोलाचा व्यास चार दिशांना साधारण ५४ मायक्रॉनने मोठा. म्हणजे मशीन एकदम ओके, ऑपरेटर ओके, आणि जॉब रिजेक्ट. अचूक पाहिजे तर रॅशनल (पॉइंटांना वजन देऊन पॉलिनॉमियलला पॉलिनॉमियलने भागलेला कर्व्ह) घ्या, पाव वर्तुळाला क्वाड्रॅटिक म्हणजे दुसऱ्या घाताचा पुरतो, मधल्या पॉइंटचं वजन ०.७०७१, कॅडमधल्या नर्ब्समध्ये (रॅशनल बी-स्प्लाइन) हेच असतं. नाहीतर सरळ सर्कल कमांड मारा ना, ती कशाला दिलीय!