‘थोडं खाली’ म्हणजे किती?

धनुष्यबाणाने मासे मारण्यावरच्या एका लेखात ‘माशाच्या थोडं खाली नेम धरा’ असं म्हटलंय; पण तेवढं वाक्य काठावरून बाण मारणाऱ्याला पुरत नाही. अगदी वरून सरळ पाहिलं तरी ४ फूट खोल असलेला मासा ३ फुटांवर दिसतो. काठावरून नजर तिरकी, त्यामुळे तो आणखीच वर भासतो. माझे सुरुवातीचे सगळे बाण कार्पच्या पाठीवरून गेले; गाळाचा ढग उठायचा आणि मासा पसार. उंच दगडावर उभा राहायला लागलो, तेव्हा कुठे नेम बसला.

आणि बाण लागलेला मासा परत सोडता येत नाही हो! मासा कोणता ते पक्कं दिसल्याशिवाय बाण सोडू नका, हे लेखात सर्वांत आधी हवं होतं. पोलराइज्ड चष्मा लावला की पाण्यावरची चकाकी जाते, कार्पच्या तोंडाजवळच्या मिशासुद्धा दिसतात.