पेप्टाइड घेताय? आधी माझं ऐका

अभिनंदन! डोळ्यांखाली पहिली रेघ उमटली आणि तुम्ही पेप्टाइडच्या वयात आलात. पुढचं शिक्षण माझ्याकडून घ्या. मी नुकतीच चेहऱ्याला लावायच्या पेप्टाइडच्या 30 मिलिलीटर बाटलीची गुरुदक्षिणा मोजून आले आहे.

सुरुवातीलाच सांगते, पेप्टाइड म्हणजे काय हे कोणालाही विचारू नका. कोणीतरी अमिनो आम्लांची छोटी साखळी असं सांगून मोकळा होईल आणि सगळी जादू जाईल. इन्सुलिनही त्याच कुळातलं, 51 अमिनो आम्लांचं. 1922 पासून माणसांना देतात, ते बहुतेक टोचूनच, कारण गिळलं की पोट त्याचं पचन करतं. पण ते बिचारं औषध. तुमच्या कोलॅजेन पावडरला, म्हणजे प्राण्यांच्या त्वचा-हाडांतल्या प्रथिनाच्या पेप्टाइड तुकड्यांना, जठर अदबीनं वाट देतं आणि ती थेट गालावर जाते, वाटेत गुडघ्यांची विचारपूस करून. (दोन-तीन अमिनो आम्लांचे तुकडे रक्तात पोचतात, काही छोट्या चाचण्यांत त्वचेत थोडा फरकही दिसला, त्यांतल्या बऱ्याच विकणाऱ्यांच्याच पैशांनी झालेल्या. पण त्या तुकड्यांना गालाचा पत्ता कोण देतं?)

शाकाहारी कोलॅजेन दिसलं तर सोडू नका. वनस्पतींत कोलॅजेन नसतं, डब्यावर उगवतं.

तांब्याचं पेप्टाइड निळं असतं. निळं म्हणजे विज्ञान.

आणि लेबल वाचू नका. मी वाचलं, तिथंच चुकलं. पुढच्या बाजूला ‘सात पेप्टाइडांचं संकुल’ अंगठ्याएवढ्या अक्षरांत. मागे मुंगीच्या अक्षरांत पाणी, ग्लिसरीन, आणखी बरंच काही, मग सुगंध आणि सुगंधाच्याही मागे ती सात पेप्टाइडं, दारात चपलांपाशी उभी. घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमानं लिहायचे असतात, एक टक्क्याखालचे कसेही. म्हणजे किती आहेत? मेल केला. ‘आमचं मिश्रण गोपनीय आहे.’ परत केला. उत्तरात बदामाचं चित्र आलं. फोन केला. ‘मॅडम, टक्केवारीपेक्षा सातत्य महत्त्वाचं.’ सातत्य! बरं, आत तरी जातं का? 500 डाल्टनपेक्षा (डाल्टन म्हणजे रेणूचं वजन मोजायचं एकक) मोठा रेणू धडधाकट त्वचेतून सहजी जात नाही, हा ढोबळ नियम 2000 सालापासून छापील आहे. माझ्या बाटलीतलं असिटिल हेक्झापेप्टाइड-8 सुमारे 889 चं. ते म्हणे स्नायूंना जाणारा निरोप अडवतं, ‘सुईविना बोटॉक्स’. स्नायूंपर्यंत पोचलं असतं तर निदान कपाळ तरी हललं नसतं. त्या फोनवर माझ्या दोन्ही भुवया केसांत गेल्या होत्या. यावर फोनवरची बाई काय म्हणाली? ‘मॅडम, दोन बाटल्या संपल्या की फरक दिसेल.’ दिसेल ना! तुमच्या खात्यात!

असो. शांत होते.

शेवटचा सल्ला धाडसी लोकांसाठी: चोळणं, गिळणं जुनं झालं, आता टोचून घ्या. बीपीसी-157 नावाच्या पेप्टाइडची कुपी मागवा, घरीच पाणी घालून...

नाही, इथे मला विनोद सुचत नाही. त्या कुपीवर स्पष्ट लिहिलेलं असतं, ‘केवळ संशोधनासाठी, मानवी वापरासाठी नाही’. तुम्ही कोण आहात, उंदीर? अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषध नियामकानं, त्याला औषध म्हणून मान्यता दिलेली नाही, खेळाडूंना 2022 पासून बंदी आहे. आत नावाप्रमाणेच पदार्थ आहे, तो निर्जंतुक आहे, हे कोणी तपासलं? मात्रा कोणी ठरवली, जिममधल्या मित्रानं? विकणाऱ्यांना तर लाजच नाही, ‘संशोधनासाठी’ लिहून हात झटकतात आणि खाली सुईचा आकार सुचवतात. आणि तुम्ही शिकलेली माणसं, अनोळखी माणसाची पावडर पोटात टोचून घेता! त्याच तुम्हाला त्वचेचा डॉक्टर रोज सनस्क्रीन लावायला सांगतो, तेव्हा नाक मुरडून म्हणता, ‘नको हो, त्यात केमिकल असतं.’