गरज, अर्ज, कर्ज

'गरज' म्हणू नका, 'आवश्यकता' म्हणा, कारण गरज हा परका शब्द. शुद्ध मराठीच्या उमाळ्यात हा सल्ला अधूनमधून भेटतोच. मला तो अजिबात पटत नाही.

शब्द मूळचा अरबी, हे खरं. पण अरबीत 'ग़रज़' म्हणजे गरज नव्हे. तिथे तो बाणाचं लक्ष्य, आणि त्यावरून मनातला हेतू. फारसीत त्या हेतूला जरा वास यायला लागला, मनात काहीतरी ठेवून वागणं असा. खुदगर्ज त्याच घरातला. आपल्याकडे आला आणि निव्वळ नड झाला. त्याला आपण बिनदिक्कत 'वंत' जोडला, गुणवंत-धनवंतांसारखा, आणि वर म्हण केली, गरजवंताला अक्कल नसते. आता हा परका कसा?

जुना वास तरी पुरता गेलेला नाही. 'गरज असेल तर येईल झक मारत' यात समोरच्याची नड कमी, मतलबच जास्त. साडी घेताना आई कोपराने ढोसून कुजबुजते, "गरज दाखवू नकोस, भाव उतरवत नाही तो." इथे 'आवश्यकता दाखवू नकोस' म्हणून बघा!

शिवाजी महाराजांनी कारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला, मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव झाला. चांगलंच झालं. पण सामान्य माणसाच्या तोंडातली गरज काही हलली नाही. आणि ती एकटी नाहीच.

अरबीत 'ज़ाद' नावाचं अक्षर आहे. इतकं खास, की अरब आपल्या भाषेलाच 'ज़ादची भाषा' म्हणतात. इराण्यांनी त्याचा उच्चार 'ज़' केला, आपण 'ज' लिहितो. गरजेतला ज हा तोच. त्याच अक्षराची बाकीची प्रजा बघा: अर्ज, जामीन, मर्जी, कर्ज, जप्ती. अहो, जिल्हासुद्धा! पेरणीच्या तोंडावर शेतकऱ्याला पैशाची गरज पडते. सातबारा जोडून तो जिल्हा बँकेत अर्ज करतो, जामीन उभा करतो, साहेबांची मर्जी सांभाळतो, कर्ज उचलतो. पाऊस दगा देतो आणि दारात जप्तीची नोटीस येते.

बँक आणि नोटीस तेवढी इंग्रजांची.